एन्क्रिप्शन ‘ऑन’ दिसतंय पण लॅपटॉप उघडाच आहे : बिटलॉकरचा पुन्हा पुन्हा येणारा फॉल्ट

सोलापुरात घरी बसून पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या कंपन्यांचं काम करणारी पोरं-पोरी आता जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड सगळीकडं आहेत. त्यातल्या तीन छोट्या टीमचे मिळून चाळीसेक लॅपटॉप मी सांभाळतो आणि गेल्या काही वर्षांत एकच फॉल्ट इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदा नीट लिहून ठेवतो. फॉल्ट असा की लॅपटॉपला एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डिस्कवरचा डेटा वाचता येऊ नये असं कुलूप (विंडोजमधल्या या कुलपाचं नाव बिटलॉकर), आहे असं सगळे धरून चालतात, टीमच्या शीटमध्ये त्या रकान्यात ‘येस’ लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात कुलूप नुसतं अडकवून ठेवलेलं असतं, लावलेलं नसतं. हे कळतं ते बॅग चोरीला गेल्यावर.

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडं कुठलं जुळतंय बघा

फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर उघडं कुलूप आणि पिवळा त्रिकोण दिसतो. किंवा सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शनच्या (बिटलॉकरचंच साधं, आपोआप लागणारं रूप) पानावर ‘काम पूर्ण करायला मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करा’ अशा अर्थाची ओळ महिनोन्‌महिने तशीच पडून आहे. किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरपुढं ‘सस्पेंडेड’ (तात्पुरतं थांबवलेलं) नाहीतर ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ लिहिलेलं आहे.

दुसऱ्या टोकाचं लक्षण म्हणजे निळी स्क्रीन. लॅपटॉप चालू केला की 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची जादाची किल्ली, मागतो, कधी एकदाच, कधी रोज सकाळी. मला फोन येतात ते याचेच, ‘दादा सकाळपासून लॅपटॉप कसली तरी की मागायलाय, दहाला मीटिंग हाय माझी’. बाकी लक्षणांसाठी कुणी फोन करत नाही कारण त्यात काम अडत नाही.

आणि तिसरं लक्षण, जे मी सगळ्यात गंभीर धरतो : निळी स्क्रीन यायची, लॅपटॉप दुरुस्तीला जाऊन आला, आणि त्यानंतर ती कधीच आली नाही. दुकानात काय केलं विचारलं तर ‘सेटिंग केली’ एवढंच उत्तर. बहुतेक वेळा ती सेटिंग म्हणजे बिटलॉकर बंद करून टाकणं असतं. गिऱ्हाइकाची तक्रार मिटते, लॅपटॉप थोडा हलका चालल्यासारखा वाटतो, आणि आतली क्लायंटची सगळी फाइल उघड्यावर येते.

पासवर्ड आहे की, मग कशाला घाबरायचं, असं बरेच जण म्हणतात. विंडोजचा पासवर्ड हा फक्त त्या विंडोजच्या दारावरचा आहे. मागचं झाकण काढून एसएसडी, म्हणजे डेटा असलेली डिस्क, बाहेर घेतली आणि हजार-दोन हजाराच्या यूएसबी डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली की पासवर्डचा संबंधच संपतो, सगळे फोल्डर पेन ड्राइव्हसारखे उघडतात. मी हे एका टीमच्या पोरांसमोर करून दाखवलं होतं, त्यांच्याच एका जुन्या लॅपटॉपवर, आणि त्या दिवसापासून त्या टीममध्ये मला कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

पहिली तपासणी, फुकट आणि दोन मिनिटांची : खरी स्थिती वाचा

सेटिंग्जच्या पानावरच्या ‘ऑन’ वर थांबू नका. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा आणि टाइप करा. फोनवर सांगतो तसंच सांगतो : मॅनेज डॅश बीडीई, स्पेस, डॅश स्टेटस, स्पेस, सी कोलन. सगळं इंग्रजी अक्षरांत, लहान अक्षरं चालतात. विंडोजच्या होम एडिशनवर पण ही कमांड चालते.

बरीच माहिती येईल, त्यातल्या दोनच ओळी वाचायच्या. एक ‘कन्व्हर्जन स्टेटस’ आणि दुसरी ‘प्रोटेक्शन स्टेटस’. पहिलीत ‘फुली एन्क्रिप्टेड’ किंवा ‘यूज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड’ पाहिजे आणि दुसरीत ‘प्रोटेक्शन ऑन’ पाहिजे. दोन्ही पाहिजेत, एक असून चालत नाही. लोक पहिली ओळ वाचून खूश होतात, फसगत तिथंच होते. पहिलीत एन्क्रिप्टेड आणि दुसरीत ‘ऑफ’ असेल तर त्याचा अर्थ डेटा कुलपात आहे पण किल्ली त्याच डिस्कवर उघडी लिहून ठेवलेली आहे. याला क्लिअर की म्हणतात. सस्पेंड केल्यावर आणि ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ मध्ये हेच झालेलं असतं, तिजोरी लावून किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगावी तसं. एसएसडी काढून नेणाऱ्याला ती किल्ली डिस्कसोबतच मिळते.

‘फुली डिक्रिप्टेड’ आलं तर मग कुलूपच नाही.

मॅक असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या खाली फाइलव्हॉल्ट चालू आहे का तेवढं बघा, बाकीचं खाली विंडोजपुरतं आहे कारण इथं नव्वद टक्के लॅपटॉप माझ्याकडं विंडोजचेच येतात.

दुसरी तपासणी, हीसुद्धा फुकट : रिकव्हरी की नक्की कुणाकडं आहे

ही झाल्याशिवाय पुढं कशालाही हात लावायचा नाही. बायॉस (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) नाही, अपडेट नाही, काही नाही. कारण पुढच्या कुठल्याही पायरीत निळी स्क्रीन येऊ शकते आणि त्या वेळी की हाताशी नसेल तर चालू लॅपटॉप तुम्हीच बंद पाडलेला असतो.

लॅपटॉप चालू आहे तोवर की त्याच्यातूनच काढता येते हे फार थोड्यांना माहीत असतं. वरच्याच ठिकाणी मॅनेज डॅश बीडीई, स्पेस, डॅश प्रोटेक्टर्स, स्पेस, डॅश गेट, स्पेस, सी कोलन. त्यात ‘न्यूमरिकल पासवर्ड’ खाली एक आयडी दिसतो आणि त्याच्याखाली सहा-सहा आकड्यांचे आठ गट, ते 48 आकडे म्हणजे रिकव्हरी की. निळ्या स्क्रीनवर पण की आयडी दाखवतात, त्याची पहिली आठ अक्षरं याच आयडीशी जुळली पाहिजेत. एका माणसाच्या अकाउंटवर तीन लॅपटॉपच्या तीन की असतात आणि लोक चुकीची की दहा वेळा टाकत बसतात, म्हणून आयडी जुळवणं महत्त्वाचं.

आता ही की जमा कुठं होते. डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालं असेल तर त्या लॅपटॉपवर ॲडमिन म्हणून ज्यानं पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंट लावलं त्याच्या अकाउंटला जाते, ते अकाउंट ब्राउझरमध्ये उघडून डिव्हाइसेसच्या पानावर की दिसते. ‘ज्यानं पहिल्यांदा’ हे शब्द परत वाचा. नवीपेठेतून लॅपटॉप घेतला, दुकानदारानं ‘सगळं सेट करून देतो’ म्हणून स्वतःच्याच एका मेल आयडीनं साइन इन केलं, नंतर तुम्ही तुमचं अकाउंट टाकलं, तर की तुमच्या अकाउंटला सापडणार नाही. माझ्याकडं असे कितीतरी आले. एका ताईंचा लॅपटॉप त्यांच्या भाच्यानं सुरू करून दिला होता आणि की त्याच्या कॉलेजच्या मेलवर होती, कॉलेज संपून तो मेल बंद पडलेला. नशीब एवढंच की लॅपटॉप चालू असतानाच आम्ही तपासलं, नाहीतर तीन वर्षांच्या जीएसटी फायली गेल्याच होत्या.

विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून, नवीन इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीपेक्षा खूप जास्त लॅपटॉपवर आपोआप चालू होतं. म्हणजे तुम्ही कधी बिटलॉकर लावलं नाही म्हणून की असणारच नाही असं समजू नका.

लॅपटॉप कंपनीचा असेल आणि कामाच्या अकाउंटनं लावलेला असेल तर की साधारणपणे कंपनीच्या ॲडमिनकडं असते. फोन करून विचारा, पण नुसतं ‘आहे’ ऐकून ठेवू नका, की आयडीची पहिली आठ अक्षरं त्यांना वाचून दाखवायला सांगा.

मिळालेली की कागदावर लिहून घरच्या कपाटात एक आणि टीम सांभाळणाऱ्याकडं एक. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायची नाही, लॅपटॉपच्या खाली चिकटवायची नाही. हे सांगायला लागतं कारण मी स्वतः दोन लॅपटॉपच्या पाठीवर सेलोटेपनं लावलेल्या चिठ्ठ्या पाहिल्यात.

तिसरी तपासणी : कुलूप परत लावणे

पहिल्या तपासणीत ‘एन्क्रिप्टेड पण ऑफ’ आलं असेल आणि की हातात असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावर ‘रिझ्यूम प्रोटेक्शन’ दाबा. ते पान नसेल तर मॅनेज डॅश बीडीई, स्पेस, डॅश प्रोटेक्टर्स, स्पेस, डॅश एनेबल, स्पेस, सी कोलन. मग स्टेटस परत वाचा, रीस्टार्ट करा, परत वाचा.

कंट्रोल पॅनेलमधून सस्पेंड केलेलं बिटलॉकर पुढच्या रीस्टार्टला आपोआप लागतं. त्यामुळं कित्येक आठवडे सस्पेंडच दिसत असेल तर दोनच शक्यता जास्त. एक, कुणीतरी कमांड देताना रीबूट काउंट शून्य टाकलाय, त्याचा अर्थ ‘मी सांगेपर्यंत उघडंच ठेव’. दुसरं, ते सस्पेंड नाहीच, ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ आहे, म्हणजे लॅपटॉप लोकल अकाउंटवर चालू आहे आणि की ठेवायला जागा नसल्यामुळं विंडोजनं कुलूप लावलंच नाही. होम एडिशन असेल तर स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करा, प्रो असेल तर बिटलॉकरच्या पानावरून ‘टर्न ऑन’ करून की प्रिंट करून घ्या.

पूर्ण डिक्रिप्टेड असेल तर नव्यानं लावायला लागेल. तिथं प्रो एडिशनवर विचारतात की फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू का पूर्ण ड्राइव्ह. नवा कोरा लॅपटॉप असेल तर पहिला पर्याय ठीक. वापरातला किंवा सेकंडहँड असेल तर पूर्ण ड्राइव्हच घ्या, वेळ लागू दे, कारण डिलीट केलेल्या जुन्या फायलींचे अवशेष मोकळ्या जागेत असतात आणि पहिल्या पर्यायात ते तसेच उघडे राहतात. चार्जर लावून ठेवा. मध्येच लाइट गेली आणि बॅटरी संपली तरी घाबरू नका, परत चालू केल्यावर जिथं थांबलं तिथून पुढं जातं.

चौथी तपासणी : निळी स्क्रीन रोज का येते

लॅपटॉपमध्ये टीपीएम नावाची चीप असते, बोर्डावर वेगळी किंवा प्रोसेसरमध्येच. किल्ली तिच्याकडं असते आणि चालू होताना सगळं नेहमीसारखं आहे का हे बघूनच ती किल्ली देते. बायॉस बदललं, सिक्युअर बूट (चालू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) बंद झालं, बूटचा क्रम (आधी कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं तो) बदलला की ती किल्ली देत नाही आणि निळी स्क्रीन येते. म्हणजे निळी स्क्रीन हा बिघाड नाही, चीप तिचं काम करत्येय. मला लोकांना हेच सांगायचं असतं, कारण तिला बिघाड समजूनच बिटलॉकर काढून टाकतात आणि इथून सगळा घोळ सुरू होतो.

स्वस्तातून सुरुवात करा. डॉक, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क सगळं काढून चालू करा. रोजच्या निळ्या स्क्रीनचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथंच सापडलंय, कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह आणि बूटच्या क्रमात यूएसबी पहिल्या नंबरवर. मग बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू आहे का आणि पहिल्या नंबरवर विंडोज बूट मॅनेजर आहे का बघा, बाकी कशाला हात लावू नका. लॅपटॉप जुना असेल आणि घड्याळ सारखं मागं जात असेल तर आतला बटण सेल संपलेला असू शकतो, मग बायॉसच्या सेटिंग परत परत मूळपदावर जातात आणि की मागितली जाते. सेल स्वस्त आहे पण झाकण उघडावं लागतं, स्वतः उघडायची सवय नसेल तर दुकानात, तुमच्यासमोर.

कारण सापडून दुरुस्त झालं की आत जाऊन बिटलॉकर एकदा सस्पेंड करा आणि लगेच रिझ्यूम करा. त्यामुळं चीप आत्ताची स्थिती नवी ‘नेहमीची’ म्हणून धरते. ही शेवटची अर्ध्या मिनिटाची पायरी लोक सोडतात आणि दुसऱ्या दिवशी परत तीच स्क्रीन.

कधी दोष तुमच्याकडं नसतोच. जुलै 2024 च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच लॅपटॉपवर ही स्क्रीन आली होती, मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. मे 2025 मध्ये विंडोज 10 च्या काही इंटेलवाल्या लॅपटॉपवर परत तसंच. अशा वेळी ज्यांच्याकडं की होती त्यांचं काम दहा मिनिटांत सुरू झालं.

पाचवी तपासणी : झाकण मिटल्यावर काय होतं

इथं जरा थांबतो कारण सोलापूर-पुणे येजा करणारे सगळे इथंच ढिले पडतात. स्टेशन येतंय म्हणून झाकण मिटलं, बॅगेत टाकलं, बॅग वरच्या रॅकवर. लॅपटॉप स्लीपमध्ये आहे, म्हणजे चालूच आहे आणि किल्ली मेमरीत आहे. 2008 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की वीज तुटल्यावरही मेमरीतली माहिती थोडा वेळ टिकते, मेमरी थंड केली तर अजून जास्त, आणि तेवढ्यात किल्ली काढता येते. गाडीतला साधा चोर हे करणार नाही. पण लॅपटॉप त्याच्याकडून पुढं कुणाकडं जातो ते आपल्या हातात नाही आणि उपाय फुकट आहे.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, झाकण मिटल्यावर काय करायचं तिथं बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी दोन्हीकडं ‘हायबरनेट’ निवडा. यादीत हायबरनेट नसेल तर ॲडमिन टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑन. हायबरनेटमध्ये मेमरीतलं सगळं एन्क्रिप्टेड डिस्कवर जातं आणि लॅपटॉप खरोखर बंद होतो. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, लागू देत.

ज्यांच्या लॅपटॉपवर लोकांचे पगार, बँकेचे तपशील, रुग्णांचे कागद आहेत त्यांना मी बिटलॉकरचा स्टार्टअप पिन पण लावायला सांगतो. प्रो एडिशन लागते आणि ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या नियमांच्या यादीत) ‘स्टार्टअपला जास्तीची ओळख’ मागणारी सेटिंग आधी चालू करावी लागते. त्यानंतर पिन टाकल्याशिवाय चीप किल्ली सोडतच नाही.

सहावी तपासणी : कुलपाच्या बाहेर काय राहिलंय

बॅगेतला पेन ड्राइव्ह आणि बॅकअपची हार्ड डिस्क. लॅपटॉप कडेकोट आणि शेजारच्या कप्प्यात त्याचीच उघडी कॉपी, हे मी दर दुसऱ्या बॅगेत बघतो. प्रो एडिशनवरून त्यांनाही बिटलॉकर लावता येतं, ती डिस्क नंतर होम एडिशनवर पासवर्ड टाकून उघडते. आणि एन्क्रिप्शनमुळं चोराला फाइल वाचता येत नाही एवढंच, तुम्हाला ती परत मिळत नाही, त्यामुळं बॅकअप वेगळ्या जागी पाहिजेच.

आजच लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एफआयआरला दोन्ही लागतात. गाडीत चोरी झाली तर 139 ला फोन आणि रेल्वे पोलिसांत तक्रार. त्याच तासात मेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा आणि टीमला कळवा. लाजेपायी दोन दिवस गप्प बसू नका, कारण क्लायंटचा डेटा गेला असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार कंपनीला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावं लागतं, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. रिमोट वाइपवर, म्हणजे दुरून डेटा पुसण्यावर, फार विसंबू नका, लॅपटॉप नेटला जोडला गेला तरच तो हुकूम पोचतो. सुटी काढलेली एसएसडी नेटला जोडली जात नाही.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

लॅपटॉप कंपनीचा असेल तर पहिली तपासणी करा, की ॲडमिनकडं आहे का ते विचारा आणि थांबा. पुढचं कंपनीच्या आयटीवाल्यांचं काम, तुम्ही बदललेली सेटिंग त्यांच्या पॉलिसीत अडकते.

निळी स्क्रीन आली आहे आणि की कुठंच सापडत नाही, तर थांबा. बायॉसमधलं ‘क्लिअर टीपीएम’ दाबायचं नाही, त्यानं चीपमधली उरलेली किल्ली पण जाते. घरातल्या सगळ्यांची, आधी ज्यानं वापरला त्याची, दुकानदाराची अकाउंटं शांतपणे तपासा. ‘तोडून देतो’ म्हणणाऱ्याकडं देऊ नका, 48 आकडे कुणी तोडत नाही, तो फॉरमॅट करून देणार आणि डेटा गेलेला असणार.

एन्क्रिप्शन एकाच टक्क्यावर तासन्‌तास अडकलंय, किंवा डिस्क मध्येच गायब होतेय, तर डिस्क मरायला टेकलीय. बंद करा, परत परत चालू करून बघू नका, आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडं की सोबत घेऊन जा, कारण एन्क्रिप्टेड डिस्कवर की नसेल तर त्यालाही काही करता येत नाही.

मदरबोर्ड बदलायचा असेल तर ते अधिकृत सर्व्हिस सेंटरचंच काम. जुन्या बोर्डासोबत चीप जाते, नव्या बोर्डावर पहिल्याच वेळी की मागणार हे धरून चाला आणि की लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉप घराबाहेर काढू नका.

आणि दुरुस्तीहून लॅपटॉप परत घेताना काउंटरवरच चालू करून ती स्टेटसची कमांड द्या, दोन्ही ओळी वाचा, ‘ऑफ’ दिसलं तर तिथंच त्यांच्यासमोर ‘रिझ्यूम’ (‘फुली डिक्रिप्टेड’ असेल तर नव्यानं चालू) करायला लावा, पैसे त्यानंतर.